डीएचसीपी स्विचवर ठेवायचं की सर्व्हरवर?

डीएचसीपी म्हणजे मशिनना आपोआप आयपी ॲड्रेस वाटणारी सेवा. एकच सबनेट (ॲड्रेसचा एकच गट) आणि वीस-पंचवीस मशिन असतील, तर राउटरमधलं डीएचसीपी पुरतं. त्यावर जास्त विचार करू नका.

खरा प्रश्न व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) आले की येतो. नवं मशिन ब्रॉडकास्ट करून, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारून, ॲड्रेस मागतं आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात डेटा नेण्याचं काम (राउटिंग) लेअर ३ स्विच करत असेल तर त्याचा इंटरफेस प्रत्येक व्हीलॅनमध्ये आधीच असतो, म्हणून तिथे पूल (वाटायच्या ॲड्रेसचा साठा) बनवणं सोपं: नेटवर्क, गेटवे (नेटवर्कबाहेर जायची वाट), डीएनएस (नावावरून ॲड्रेस सांगणारा सर्व्हर), लीज (ॲड्रेस किती काळासाठी द्यायचा), झालं काम. /२४ च्या सबनेटमध्ये २५४ ॲड्रेस मिळतात. त्यातले गेटवे, प्रिंटर, कॅमेऱ्यांचे आधी वगळा, मगच पूल चालू करा. नाहीतर प्रिंटर बंद असताना त्याचाच ॲड्रेस एखाद्या लॅपटॉपला जातो, आणि सकाळी प्रिंट का निघत नाही हे शोधत बसावं लागतं.

स्विच कमी पडतो तो नोंदींच्या बाबतीत. सिस्कोच्या आयओएसमध्ये (त्यांच्या स्विचच्या सिस्टिममध्ये) बाइंडिंग, म्हणजे कोणाला कोणता ॲड्रेस दिला त्याची यादी, बाहेर कुठे साठवायला सांगितलं नसेल, तर रीस्टार्टनंतर ती यादी जाते. मशिन जुनेच ॲड्रेस वापरत राहतात, स्विचला मात्र ते मोकळे वाटतात. ॲड्रेस देण्याआधी तो दोनदा पिंग करून बघतो खरा, पण फायरवॉल लावलेला लॅपटॉप पिंगला उत्तरच देत नाही. मला स्विचवर डीएचसीपी ठेवताना सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

सर्व्हरवर नोंदी टिकतात, रिझर्व्हेशन (ठरावीक मशिनला ठरावीक ॲड्रेस) सांभाळणं सोपं जातं आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासून फेलओव्हरही (एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा काम सांभाळतो) आहे. स्विचकडे फक्त रिलेचं, म्हणजे मागणी पुढे पोचवण्याचं, काम उरतं. तो मागणीवर आपल्या इंटरफेसचा ॲड्रेस टाकून ती सर्व्हरकडे पाठवतो, त्यावरून सर्व्हर योग्य पूल निवडतो. तोटा एकच, पण मोठा: एकटा सर्व्हर बंद पडला की नव्या मशिनना १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस स्वतःच घ्यावा लागतो, आणि त्यावर कामाचं नेटवर्क मिळत नाही. जुन्यांचं लीज संपेपर्यंत भागतं. विंडोज सर्व्हरवर ते मुळात ८ दिवसांचं असतं, सिस्कोच्या स्विचवर १ दिवसाचं.

तीन-चार व्हीलॅन आणि एकच जागा असेल तर मी स्विच निवडेन. कोणता ॲड्रेस कधी कोणाकडे होता हे पुढे सांगावं लागणार असेल, तर सर्व्हर आणि रिले.

दोन्हीकडे डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीची उत्तरं अडवणारी स्विचची सोय) मात्र लावाच. कुणीतरी घरचा राउटर आणून लॅन पोर्टमधून जोडतो आणि तोही ॲड्रेस वाटू लागतो. सर्व्हरकडे जाणारे पोर्ट तेवढे ट्रस्टेड ठेवा, म्हणजे तिथूनच आलेली डीएचसीपीची उत्तरं स्विच पुढे जाऊ देईल.