‘वाडा चिरेबंदी’ वाचून: या घरात प्रेम कुणाला माफ होतं?

महेश एलकुंचवारांचं हे नाटक 1985 मध्ये विजया मेहतांनी पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. मी ते आता पुस्तकातून वाचलं, तेही मोठ्याने, सासूबाईंना ऐकवत. घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट वाचायला आवडत असेल तर हे पुस्तक घ्याच. कथानक थोडं उघड होईल, कारण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येणार नाही.

विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा पडका वाडा. घरातले वडील तात्याजी वारलेत, मुंबईहून मधला मुलगा सुधीर आणि सून अंजली येतायत. घरात म्हाताऱ्या दादीपासून थोरल्या मुलाच्या पराग-रंजूपर्यंत चार पिढ्या. दादी वेळ विचारत राहते. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडलाय, जो तो त्याला अडखळतो, पण हलवत कुणीच नाही. धाकट्या चंदूच्या पायाला त्याच्यामुळेच जखम होते आणि तिच्याकडेही कुणाला बघायला सवड नसते.

सुधीरचं लग्न हा या घरातला जुना सल. अंजली कोकणस्थ, हे देशस्थ. दोघंही ब्राह्मणच, तरी ही सून घराला पचलेली नाही. मी स्वतः कोकणस्थांच्या घरातून नागपूरकडच्या देशस्थ घरात आले, त्यामुळे अंजलीच्या वाट्याला येणारं ते तुटक बोलणं मला चांगलंच ओळखीचं आहे. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “आम्हीही तुला पहिल्या वर्षी असंच वागवलं गं.” मग म्हणाल्या, “वाच पुढे.”

अंजलीला एलकुंचवारांनी गोडगोड केलेलं नाही, हे मला फार आवडलं. ती पैशाला जपते, हिशेबाचं बोलते. पण खरी मेख अशी की जिचं येणं घराला रुचलं नाही, तिच्याच नवऱ्याच्या मुंबईच्या कमाईवर आता तेरावीच्या जेवणावळीची आशा आहे. गावाला जेवण घातलंच पाहिजे, देशपांड्यांचं नाव आहे! आणि हातात दमडी नाही. रीत आणि पैसा यांचं हे नातं इतकं उघडं करून दाखवणारं मराठी लेखन मी फार वाचलेलं नाही.

सुधीरने मनाचं लग्न केलं, ते कुरकुरत का होईना चालवून घेतलं गेलं. तो मुलगा. त्याची बहीण प्रभा, तिला नुसतं शिकायचं होतं, तेही होऊ दिलं नाही, आणि ती त्याच वाड्यात वाळत राहिली. रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळते, तेही घरचं सोनं घेऊन. तेव्हा मुलीची काळजी आणि सोन्याचा घोर यांतलं नक्की कुठलं दुःख मोठं, हे घरातल्या माणसांच्या बोलण्यातून कळता कळत नाही. मला तिथे रडू आलं.

त्या सोन्याचा आधीचा प्रवेश तर दोनदा वाचा. रात्री वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, पेटीतले पिढीजात दागिने एकेक करून अंगावर चढवते. दिवसभर चूल आणि पाहुणे सांभाळून दमलेली ही बाई क्षणभर त्या घराण्याची खरीखुरी मालकीण दिसते. संवाद थोडेच, पण रंगसूचना नीट वाचल्या की सगळं डोळ्यांपुढे येतं. नाटक वाचायची सवय नसलेले लोक कंसातला मजकूर ओलांडून जातात, इथे तसं करू नका.

तक्रार एकच. रंजूचं प्रेम आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळतं. त्या मास्तरमध्ये तिला काय दिसलं, मुंबईत तिला काय हवं होतं, यावर तिला मनापासून बोलायला एक प्रवेश मिळायला हवा होता. परागचं दारूकडे वळणं जितकं समजतं, तितकी त्याची बहीण समजत नाही.

भाषा वऱ्हाडी वळणाची आहे. पुण्या-मुंबईकडच्यांना पहिली काही पानं अडतील, म्हणूनच मोठ्याने वाचा, कानाला लगेच सवय होते. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे दोन भाग आहेत. तिन्ही एकत्र मिळाले तरी एका दमात वाचू नका. पहिल्यानंतर थोडं थांबा, घरातल्या मोठ्यांशी बोला आणि मगच दुसरा हातात घ्या. आमच्याकडे तो अजून सुरू व्हायचाय, कारण सासूबाईंना आधी प्रभाबद्दल बोलायचंय.