हॉट डिपच्या नावाखाली चंदेरी रंग: अंबडमधला आमचा अनुभव

आमच्या अंबड एमआयडीसीतल्या युनिटमध्ये कूलिंग टॉवरभोवती नवा प्लॅटफॉर्म आणि रेलिंग करून घेतलं. तिथे बारा महिने पाण्याचे तुषार उडतात, साधा रंग टिकत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: हॉट डिप गॅल्वनाइझिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून लोखंडावर चढवलेला जस्ताचा थर. फॅब्रिकेटरने दरही त्याचाच लावला. माल चकचकीत आला, सोबत जस्ताचा थर ८५ मायक्रॉन जाड असल्याचं सर्टिफिकेट. श्रावण सरायच्या आत वेल्डच्या कडेने तांबूस ओघळ उतरले.

खरं काय ते आमच्या जुन्या वेल्डरमामांनी ओळखलं. रेलिंगच्या पाइपवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, याला भोकं कुठंयत?" हॉट डिपमध्ये लोखंड साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपात हवा किंवा ओल अडकली तर तो फुटू शकतो, म्हणून आधी भोकं पाडावीच लागतात. आमच्या पाइपांना एकही भोक नव्हतं. म्हणजे हा माल टाकीत उतरलाच नव्हता.

थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासलं, तर फडकं चंदेरी झालं. जस्ताचा खरा थर लोखंडाशी एकजीव झालेला असतो, थिनरने निघत नाही. नखाने पापुद्रा उचलला तर खाली निळसर-काळी मिल स्केल, म्हणजे लोखंड तापवून लाटताना त्यावर धरणारी खपली, तशीच. हॉट डिपआधी ती ॲसिडने काढतात, नाहीतर जस्त धरतच नाही.

फॅब्रिकेटर आधी म्हणाला, तुमचं पाणीच खराब. मग म्हणाला, कोल्ड गॅल्वनाइझिंगही गॅल्वनाइझिंगच की! कोल्ड म्हणजे जस्ताची पूड घातलेला रंग. नीट साफ केलेल्या लोखंडावर त्याचा उपयोग आहे, पण हॉट डिपचे पैसे घेऊन तो मारणं ही सरळ लबाडी आहे. रात्रपाळीची पोरं याच रेलिंगला धरून वर चढतात, संताप त्याचा येतो.

उरलेलं बिल आम्ही थांबवलंय, लेखी नोटीसही दिली आहे. तुम्ही काम देणार असाल तर गॅल्वनाइझिंग प्लँटचं स्वतःचं चलन मागा, नुसतं सर्टिफिकेट नको. बुडवण्याआधीची आणि नंतरची काटापावती घ्या. जस्त चढलं की वजन वाढतंच. जाडी मोजायचं मीटर आपल्या दारात, आपल्या माणसासमोर लावा, कोपऱ्यात आणि वेल्डजवळही. आणि कोटेशनवर 'जीआय (गॅल्वनाइझ्ड आयर्न) फिनिश' एवढंच असेल तर 'वितळलेल्या जस्तात बुडवून' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.