कडप्पा काढून ग्रॅनाइटचा ओटा केला: दीड वर्षानंतर

कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा काढून ब्लॅक गॅलेक्सी नावाचा काळा ग्रॅनाइट बसवला, त्याला आता दीड वर्ष होत आलं. फराळाची तळणी, कैरीचं लोणचं, रोजची फोडणी, सगळं त्यावर होतं. तेल-हळदीला हा दगड भीक घालत नाही. त्याला वठणीवर आणतं ते पाणी.

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले, की नळाच्या बुडाशी पांढरी कड धरायला लागते. पालिकेच्या पाण्याने हे फारसं होत नाही. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड, त्यातले क्षार सुकून दगडावर बसतात. काळ्या दगडावर ते लगेच डोळ्यांत खुपतं. अशा वेळी घरोघरी व्हिनेगर किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड निघतं. ते ओट्यावर अजिबात नको, सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) मारलेला असेल तर तो उडतो आणि पॉलिशही धोक्यात येतं. मी कड भिजवून ठेवते आणि दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलकेच सरकवते. क्षार मऊ, दगड ब्लेडपेक्षा कडक. त्यामुळे पापुद्रा निघतो आणि खाली ओरखडा येत नाही. तारेची घासणी मात्र नको. तिचे बारीक कण फटीत अडकतात, गंजतात आणि तांबूस ठिपके पडतात.

रोजचं काम अगदी साधं. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडकं, मग साध्या पाण्याचा हात आणि शेवटी कोरडं पुसणं. खरी मेख ह्या शेवटच्यात आहे. आमच्या मावशी ओलं फडकं फिरवून निघून जायच्या आणि ओटा सुकला की त्यावर धुरकट पट्टे दिसायचे. आता मायक्रोफायबरचं एक फडकं फक्त कोरडं पुसायला वेगळं ठेवलंय. ‘ग्रॅनाइट शाइन’ म्हणून मिळणारा महागडा स्प्रेही आणून पाहिला. संपल्यावर पुन्हा आणला नाही, ह्यातच काय ते आलं.

जुन्या कडप्प्यावर लिंबू-चिंचेचे पांढुरके चट्टे कायमचे होते, कारण तो चुनखडक. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात चिमकुर्तीला निघतो आणि भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तो गॅब्रो, म्हणजे ग्रॅनाइटहून वेगळा खडक. दुकानदाराच्या लेखी सगळं ग्रॅनाइटच. कडप्पाही आंध्रातल्या कडप्पा भागातला, म्हणजे आंध्रातला दगड काढून आंध्रातलाच बसवला! असो.

फिकट दगडाची गोष्ट वेगळी. बाणेरला माझ्या जाऊबाईंनी पांढुरका ग्रॅनाइट घेतलाय. दिसतो फार देखणा, पण तेलाच्या बरणीखाली काळपट गोल उमटला. साबणाने तसूभर हलला नाही. मग खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून डागावर जाड थापली, वर प्लॅस्टिक चिकटवलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी प्लॅस्टिक काढून पेस्ट पूर्ण वाळू दिली. वाळताना ती तेल वर ओढते. पहिल्या खेपेला डाग फिका झाला, पुन्हा थापल्यावर गेला. त्यानंतर त्यांनी सीलर मारून घेतला.

सीलर हवा की नको, हे ओट्यालाच विचारावं. पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. दगड तिथे गडद दिसला तर तो पाणी पितोय, सीलर मारा. थेंब तसेच उभे राहिले तर पैसे वाचले. आमच्या काळ्याला अजून लागलेला नाही.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर दगड बघायला गेलात तर पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन काळ्या स्लॅबवर चोळून बघा. काही स्लॅबना रंग मारलेला असतो, कापूस काळा झाला की ओळखायचं. आणि सिंकभोवतीचा जॉइंट व्हाइट सिमेंटने भरू देऊ नका. आमचा तसा भरला होता, पहिल्याच पावसाळ्यात काळा पडला. मग तो खरवडून सिलिकॉन भरून घेतलं, ते अजून जागेवर आहे.