दिवा खरा, अ‍ॅम्प खोटा: सांगलीत ‘३००बी’च्या नावाखाली झालेली फसवणूक

विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी जुनी ख्यालगायकी ऐकण्यासाठी ‘३००बी सिंगल-एंडेड’ (३००बी नावाच्या काचेच्या ट्यूबचा, दर स्पीकरला एकच आउटपुट ट्यूब असलेला) म्हणून ८५,००० रुपयांना स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प घेतला. ४०,००० इसार यूपीआयवर, बाकी रोख. विकणारा स्वतः गाडीतून घेऊन आला, हॉलमध्ये जोडून दिला. दोन मोठ्या ट्यूबा पेटल्या, गाणे सुरू झाले, पैसे घेऊन तो गेला. आता त्याचा नंबर बंद आहे. त्या अ‍ॅम्पमधला एकही स्वर ट्रायोडमधून, म्हणजे त्या ३००बी ट्यूबांमधून, जात नव्हता. सांगली-मिरजेत कान देऊन गाणे ऐकणारे घरोघरी आहेत आणि ट्यूब अ‍ॅम्पची चौकशी वाढते आहे. असा माल आणखी कुणाच्या घरात जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

खालचा पत्रा काढल्यावर जे दिसले ते असे. ट्यूबा खऱ्या ३००बी होत्या, चार पिनांच्या, त्यातल्या दोन जाड आणि दोन बारीक. जाड पिना फिलामेंटच्या, म्हणजे ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेच्या. त्यांना ५ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून वायरी आल्या होत्या. ज्यांतून गाण्याचा सिग्नल जातो त्या प्लेट आणि ग्रिडच्या बारीक पिनांना मात्र सॉल्डरचा ठिपकाही लागलेला नव्हता. म्हणजे ट्यूबा फक्त दिव्यासारख्या जळत होत्या. आवाज येत होता तो कोपऱ्यात चिकटवलेल्या क्लास-डीच्या (ट्यूबशिवाय, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) तयार सर्किट पाटीतून. तिला २४ व्होल्टचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा) दिलेला होता. पुढच्या लहान ट्यूबांच्या बुडाशी नारिंगी एलईडी होते. मागचे दोन काळे डबे, ज्यांवर ‘आउटपुट ट्रान्सफॉर्मर’ असे स्टिकर होते, ते डांबर आणि वाळूने भरलेले. सगळ्याचे वजन १७ किलो भरले. ‘जड आहे म्हणजे चांगला असणार’ हा हिशेब विकणाऱ्याला पक्का ठाऊक होता.

खऱ्या यंत्राची एक गोष्ट लपवता येत नाही: ते वीज किती खाते. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ची ट्यूब. एका बाजूला एकच ट्यूब, क्लास-ए म्हणजे सतत पूर्ण करंटवर चालणारी, त्यामुळे गाणे चालू असो की शांतता, करंट तेवढाच राहतो. एका ट्यूबचे फिलामेंट ५ व्होल्टवर १.२ अँपिअर घेते, म्हणजे ६ वॉट. प्लेटकडे ४२० व्होल्टवर साधारण ७० मिलिअँपिअर, म्हणजे दर बाजूला २९ वॉट. त्यात रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), ड्रायव्हर ट्यूबा (३००बीला सिग्नल पुरवणाऱ्या लहान ट्यूबा) आणि ट्रान्सफॉर्मरची उष्णता धरली की स्टिरिओ अ‍ॅम्प भिंतीतून १०० ते १३० वॉट ओढतो आणि त्या बदल्यात एका बाजूला ७-८ वॉट आवाज देतो. विश्रामबागेतला अ‍ॅम्प हळू आवाजात ३० वॉटही घेत नव्हता.

हे घरीच पाहता येते. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळाला तर उत्तम. नसेल तर घरातले बाकी सगळे बंद करून, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, वीजमीटरचा लाल दिवा मोजा. एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते मीटरवर छापलेले असते. ३२०० असेल तर १२० वॉटचा अ‍ॅम्प दहा मिनिटांत सुमारे ६४ वेळा लुकलुकवतो, ३० वॉटचा फक्त १६ वेळा. आधी आवाज पूर्ण बंद ठेवून मोजा, मग मोठा करून. आकडा आवाजाबरोबर चढत-उतरत असेल तर तो क्लास-ए नाही.

दुसरी खूण वेळेची. ३००बीचे फिलामेंट लगेच तापते, पण आधीच्या ६एसएन७सारख्या ड्रायव्हर ट्यूबांचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापायला १५-२० सेकंद जातात. स्विच टाकल्या टाकल्या गाणे आले, तर पुढे ट्यूब नाही. तासाभराने काचेजवळ तळहात धरा, लावू नका. खरी ३००बी इतकी तापलेली असते की बोट टेकवता येत नाही. नुसते फिलामेंट जळणारी त्या मानाने बरीच कमी तापते.

तिसरी तपासणी मल्टिमीटरची, आणि आमच्या मते हीच सर्वांत सोपी. अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर, स्पीकरच्या वायरी सोडवलेल्या. लाल आणि काळ्या टर्मिनलमधला रोध मोजा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडचे, वायंडिंग तिथे थेट जोडलेले असते, म्हणून एक ओहमच्या आत आकडा येतो. आमच्या समोरच्या अ‍ॅम्पने हजारो ओहम दाखवले.

ट्यूब काढून ‘आवाज बंद होतो का’ हे मात्र अनोळखी अ‍ॅम्पवर करू नका. डायरेक्ट-कपल्ड (दोन ट्यूबांमध्ये कपॅसिटर नसलेल्या) रचनेत ड्रायव्हर काढला की आउटपुट ट्यूबच्या ग्रिडवर जादा व्होल्टेज जाऊन ती जळते. तसेच खालचा पत्रा अनुभवी माणसाशिवाय उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

यापेक्षा अवघड फसवणूक ती, जिच्यात ट्यूब जोडलेली असते पण लोखंड, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, चुकीचे असते. सिंगल-एंडेडमध्ये सगळा डीसी करंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (ट्यूबकडच्या वायंडिंगमधून) वाहतो, म्हणून कोअरमध्ये हवेची फट ठेवावी लागते. पुश-पुलच्या (ट्यूबा जोडीने चालणाऱ्या रचनेच्या) ट्रान्सफॉर्मरला अशी फट लागत नाही. तो इथे लावला की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो. जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर मोठ्या डब्यात बसवणारेही आहेत. तो अर्धा किलोही भरत नाही, ३००बीला दर बाजूला अडीच-तीन किलोचे लोखंड लागते. परिणाम असा की गायक छान ऐकू येतो, तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो. आणि विकणारा सांगतो, ‘ट्यूबचा आवाज असाच गोड असतो.’ हे साफ खोटे आहे. मिरजेत तानपुरा कारखान्यात बसून ऐकलेला माणूस अशा अ‍ॅम्पवर खर्ज कुठे गेला हे पहिल्याच मिनिटाला विचारेल.

मोजायचे असेल तर स्पीकरऐवजी ८ ओहम, २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर द्या आणि आउटपुटला २.८३ व्होल्ट एसी येईल इतका आवाज ठेवा. हा एक वॉट झाला. आवाजाच्या बटणाला हात न लावता ४० हर्ट्झ द्या. २ व्होल्टच्या खाली गेला तर ट्रान्सफॉर्मर नापास. ४०० हर्ट्झच घ्यायचे कारण स्वस्त मल्टिमीटर त्याच्या बरेच वर गेले की चुकीचे आकडे दाखवतात. रेझिस्टर किंवा स्पीकर न लावता अ‍ॅम्पला सिग्नल कधीही देऊ नका, प्रायमरीत स्पार्क होऊन वायंडिंग जाते.

सांगलीत आणखी एक धोका आहे, पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरात बुडालेली उपकरणे पॉलिश करून विकली जाऊ शकतात. ट्रान्सफॉर्मरच्या स्टॅम्पिंगच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये वाळलेला बारीक गाळ, स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज, डब्यावर आडवी पाण्याची रेघ दिसली तर व्यवहार थांबवा. मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) असतो. ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पमधून सोडवून ५०० व्होल्टवर वायंडिंग ते कोअर इन्सुलेशन मोजून घ्यावे. काही मेगाओहमसुद्धा येत नसेल तर तो अ‍ॅम्प घरात नको.

जपानहून आलेला जुना माल १०० व्होल्टचा असतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला की क्षणात गेला. २२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि घरी रात्री २५० व्होल्ट येत असतील, तर ५ व्होल्टच्या फिलामेंटला ५.७ मिळतात आणि महागडी ट्यूब लवकर संपते.

ट्यूब ‘नवी’ म्हणून देत असेल तर काचेच्या आतला चंदेरी थर, म्हणजे गेटर, पाहा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली. गेटर ठीक असला तरी जाणकाराकडून कॅथोड रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजून घ्या. १००० ओहमवर ६० ते ७५ व्होल्ट हवेत. ३० आले तर ट्यूब थकलेली आहे.

इसार देण्याआधी चालू अ‍ॅम्पचा वॉटमीटरसकट व्हिडिओ आणि खालचा पत्रा काढलेला फोटो मागा. बिलावर आउटपुट ट्यूबचे नाव, ‘सिंगल-एंडेड क्लास-ए’, दर बाजूचे वॉट, मेन्स व्होल्टेज आणि परत घेण्याची मुदत लिहून सही घ्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार करा, दुकानदाराविरुद्ध असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अ‍ॅम्प दुरुस्तीला उघडण्याआधी आतले सगळे फोटो काढून ठेवा, न जोडलेल्या पिनांसकट. विश्रामबागेच्या तक्रारीत तेच फोटो जोडले आहेत.