शिस्त की नाश? पाप न सोडणाऱ्या विश्वासणाऱ्याचं काय होतं

यवतमाळकडच्या आमच्या गावात चर्चमधली उपासना सुटली की ओट्यावर हा प्रश्न हमखास निघतो: तारण झालेला, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने पापाच्या दंडातून सुटलेला माणूस जाणूनबुजून पाप करत राहिला, तर तारण गमावतो का?

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याच्या परंपरेतले म्हणतात, नाही. १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या चर्च परिषदेने हेच मांडलं: खरा विश्वासणारा घसरतो, पवित्र आत्म्याला खिन्न करतो, काही काळ कृपेची जाणीवही हरवून बसतो, पण देव त्याला सोडत नाही, शिक्षा करून परत आणतो. आधार बायबलातल्या इब्री १२:६ चा: ज्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. दावीद राजाचंच बघा, दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं. क्षमा मिळाली, पण मूल गेलं आणि तलवार घरातून हलली नाही.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची वाट वेगळी. सत्य कळल्यावरही जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापासाठी यज्ञ उरत नाही, हा इब्री १०:२६ चा इशारा विश्वासणाऱ्यांनाच आहे, विश्वासाचं तारू खरोखर फुटू शकतं, असं तो मानी.

मला पहिलं मत पटतं, तरी वेस्लीचा इशारा मी टाकून देत नाही. कारण आमची फरदड, म्हणजे हंगामापुढे लांबवलेली कपाशी. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवली, की बोंड बाहेरून चांगलं दिसतं. फोडलं तर आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी. तीच पुढच्या हंगामात उतरते. "दोन वेचण्यांसाठी पुढलं पीक घालवतं का बाप्पा?" काका म्हणायचे. झाकलेलं पाप असंच पोसलं जातं.

म्हणून दारूशी झगडणाऱ्या, रडणाऱ्या भावाजवळ बसलो की मी १२:६ वाचतो. ‘देव माफ करतेच’ म्हणत पुन्हा ग्लास भरणाऱ्याला १०:२६.