गड्ड्यातला समुद्राचा तंबू : ६० रुपये वसूल?

सोलापूरच्या होम मैदानावर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, यंदा गोल पडद्याचा समुद्र-शो आलाय. वेळ जेमतेम १२ मिनिटं. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत डॉल्फिन तारलीच्या थव्याला खालून, बाजूनं रेटत वर आणतात. घाबरलेले मासे एकमेकांना चिकटतात, त्यांचा चकाकता गोळा होतो. मग वरून गॅनेट पक्षी पंख मिटून धाडधाड पाण्यात घुसतात. खालून देवमासा आ वासून येतो, अन् एका घासात गोळ्याला भगदाड! नातू माझा दंड सोडेना. आमचा समुद्र म्हणजे उजनी धरण, त्यामुळं मीही गप्पच. पंखा मात्र बंद, आवाज फाटका. आणि थ्रीडी चष्मा पुसूनच घ्या, माझ्या चष्म्यावर आधीच्याच्या भज्यांचं तेल होतं.