सिझरनंतर बाळंतिणीचा डबा लावला होता, त्याचा रिव्ह्यू

सिझर झाल्यावर टाक्यांपेक्षा गॅसने जास्त रडवलं मला. भूल, पेनकिलर, त्यात आयर्नच्या गोळ्या, पोट अगदी दगड झालेलं, म्हणून घराजवळच्या एका काकूंकडे डबा लावला. मुगाची मऊ खिचडी, दुधी, शेपूची भाजी, ज्वारीची भाकरी, सगळं गरमागरम आणि तेल-तिखट बेताचं. शेपू एरवी मी तोंडात घेत नाही पण यांची लसूण घातलेली भाजी खरंच आवडली. सोबत बाळंतशोपा, ओवा, तीळ भाजून केलेली सुपारी येते, ती निम्मी नवराच संपवतो 😄

एकच तक्रार, पहिल्याच आठवड्यात तुपाने थबथबलेले डिंकाचे लाडू पाठवले, आणि वर सल्ला की पाणी कमी पी! माझ्या डॉक्टरांनी बरोब्बर उलटं सांगितलेलं, भरपूर पाणी आणि घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं, शिवाय जोर करावा लागू नये म्हणून शौच मऊ करायचं औषध दिलं होतं. काकूंना सांगितल्यावर मात्र लाडू बंद करून पपई द्यायला लागल्या. रेट जरा जास्तच आहे आणि रविवारी डबा नसतो, ते आधीच विचारून घ्या.